जिन्यावरची शेळी आणि पुढचं सगळं

इंटरव्हलरावांना कोणी विचारलं, "आजवर किती सिनेमे पाहिलेत हो?" तर ते छातीवर हात ठेवून सांगत, "मोजदाद नाही!" आणि त्यातले पूर्ण किती, असं विचारलं की तोच हात छातीवरून डोक्यावर जाई आणि डोकं खाजवू लागे.

यात त्यांचा दोष नव्हता. निदान सगळा नव्हता. इंटरव्हलराव कपडे धुण्याची मशिनं दुरुस्त करत. आता या धंद्याचा एक दंडक आहे. मशीन दुरुस्त झालं, मोटर घुमली, म्हणून लगेच उठायचं नसतं. पाणी भरून एक पूर्ण राउंड फिरवायचा, पाणी नीट येतं का, नीट जातं का, ड्रम गरगरताना मशीन घरभर फिरायला निघत नाही ना, हे बघायचं आणि मगच कागदावर गिऱ्हाइकाची सही घ्यायची. राउंड चालू असताना मेकॅनिकला काही म्हणजे काही काम नसतं. बाकीचे मेकॅनिक तेवढ्यात फोन उरकून घेत, कोणी गॅलरीत जाऊन सिगारेट ओढी. इंटरव्हलराव मात्र पाणी भरू लागलं की बाथरूमच्या दारात येत, ड्रम फिरू लागला की पॅसेजमध्ये, आणि कपडे पिळायची वेळ येईपर्यंत ते हॉलमधल्या सोफ्याच्या कडेवर टेकलेले असत, कारण समोर टीव्हीवर कुठला ना कुठला सिनेमा चालू असे.

नवा असो, जुना असो, मारामारीचा असो की रडारडीचा, त्यांना सगळं चाले. अडचण एवढीच, की ते पोचत तेव्हा सिनेमा सुरू होऊन बराच वेळ झालेला असे, आणि शेवट यायच्या आत मशीन शिट्टी मारी. मग सही, पिशवी, नमस्कार आणि पुढचं घर. पुढच्या घरात वेगळा सिनेमा, पण पुन्हा मधलाच. त्यामुळे सिनेमाला सुरुवात असते आणि शेवट असतो, ही त्यांच्या लेखी ऐकीव माहिती होती.

पण माणसाचं मन मोठं गुणी. ते तुकडे जोडून घेतं. सकाळच्या घरात नायक पुलावरून खाली पडला आणि दुपारच्या घरात कोणी दुसराच नायक डोक्याला पट्टी बांधून दवाखान्यात उठून बसला, की इंटरव्हलरावांचा जीव भांड्यात पडे. वाचला बिचारा! पडला तो काळापांढरा होता आणि उठला तो रंगीत, असल्या बारीकसारीक फरकाने त्यांचं अडत नसे. औषधपाण्याने माणसाच्या अंगावर रंग येतोच की.

'इंटरव्हलराव' हे बारसं त्यांच्या दुकानाच्या मालकांनी केलं. शुक्रवारी टीव्हीवर नवा सिनेमा लागला की शनिवारी दुकानातले सगळे त्यांना घेरत. "काय राव, कसा आहे?" इंटरव्हलराव पाना पुसत गंभीरपणे म्हणत, "सुरुवात चांगली असणार, असं मधल्या भागावरून वाटतं." एवढ्या भांडवलावर त्यांनी सिनेमातला जाणकार म्हणून नाव कमावलं होतं. स्वतःशी मात्र ते प्रामाणिक होते. म्हणत, "मी म्हणजे सँडविचमधला काकडीचा काप. वरचा पाव कुठला, खालचा कुठला, ते मला विचारू नका."

मग थिएटरात जाऊन सबंध सिनेमा का पाहत नाहीत, असं कोणी म्हणेल. तर तोही प्रयोग होऊन गेला होता. लग्न झालं त्या वर्षी बायकोने हौसेने तिकिटं काढली. सिनेमा रंगला, नायिकेच्या डोळ्यांत पाणी आलं, बायकोच्याही आलं, आणि एवढ्यात इंटरव्हलराव उठले. एका राउंडला जेवढा वेळ लागतो तेवढा झाला होता आणि अंगाला सवय. त्यांनी पायाशी अंधारात अवजारांची पिशवी चाचपली, मग शेजारच्या अनोळखी गृहस्थांकडे वाकून अदबीने म्हणाले, "झालंय काम. जरा सही करता का?"

तेव्हापासून बायको सिनेमाला आपल्या बहिणीबरोबर जाते.

घरात त्यांच्या सिनेमापुराणाला एकच हक्काचा श्रोता होता, त्यांची आई. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुऊन ते आईसमोर बसत आणि दिवसभरात जमलेले तुकडे जोडून नवाकोरा सिनेमा सांगत. आई मान डोलवी, मधूनच हसे, कधी 'अरे देवा' म्हणे. आईला केवढी गोडी लागली आहे, असं इंटरव्हलरावांना वाटे. खरी गोष्ट बायकोला ठाऊक होती. मुलगा पाय धुऊन येतोय असं दिसलं, की सासूबाई कानातलं ऐकायचं यंत्र काढून चष्म्याच्या घरात ठेवत. "दिवसभराचा दमलेला असतो गं," त्या सुनेला म्हणत, "बोलू दे. मला कुठे त्रास होतो!"

आता या सगळ्या अर्ध्यामुर्ध्या सिनेमांत एकच असा होता, जो इंटरव्हलरावांच्या घशात काट्यासारखा अडकून बसला होता.

तो त्यांनी दुधाचे दात पडायच्या वयात थिएटरात पाहिला होता, आईबाबांबरोबर. नाव आठवत नव्हतं. आठवत होतं ते असं. समुद्रातलं दीपगृह, आत गोल गोल जिना, आणि जिना चढत जाणारी एक शेळी. मागून दिव्यावरचा माणूस धापा टाकत पळतोय, शेळी थांबून त्याच्याकडे बघते आणि पुन्हा चढू लागते. सगळं थिएटर खदखदून हसत होतं. आणि त्यानंतरचं एकच दृश्य. दिव्याच्या खांबाखाली एक बाई उभी आहे. फिक्या रंगाचे कपडे, खांद्याला पिशवी, दातांत रुमाल धरलेला आणि खांदे गदगदा हलताहेत. हसते आहे की रडते आहे, कळत नाही. ती सारखी रस्त्याकडे बघते आहे. कोणाची तरी वाट बघते आहे.

बस्स. पुढे काही नाही. पुढे एकदम दुसऱ्या दिवसाची सकाळ, शेजारच्या काकूंचं घर आणि "तुला बहीण झाली हो" असं सांगणाऱ्या काकू. सिनेमाच्या मध्यावर आईला कळा सुरू झाल्या होत्या आणि सगळ्यांना उठून जावं लागलं होतं.

"तुझ्यापायी माझा सिनेमा बुडाला," हे वाक्य इंटरव्हलरावांनी बहिणीला तिच्या वाढदिवसाला, तिच्या लग्नात आणि तिच्या बाळंतपणातसुद्धा ऐकवलं होतं. बहीणही काही कमी नव्हती. "मी आले म्हणून वाचलास, दादा. नाहीतर शेवट कळला असता आणि आयुष्यभर बोलायला विषय उरला नसता."

पण थट्टा बाजूला ठेवली तर त्या बाईने त्यांचा पिच्छा सोडला नव्हता. ती कोणाची वाट बघत होती? तो आला का? का ती तशीच उभी राहिली? दिव्यावरचा माणूसच यायचा असेल, तर तो तर शेळीमागे पळत होता! घरोघरी, राउंड चालू असताना, ते लोकांना विचारत, "एक सिनेमा होता बघा, शेळी जिना चढते, मग एक बाई रुमाल चावत उभी असते..." लोक विचारात पडत. कोणी म्हणे, अमुक सिनेमा असेल. कोणी म्हणे, शेळी नव्हे, कुत्रा असेल. एका आजोबांनी तर ठामपणे सांगितलं, की ती बाई शेवटी दिवाळखोर सावकाराची मुलगी निघते. तो त्यांनी स्वतः जोडलेला सिनेमा असावा. आपल्यासारखाच आणखी एक मनुष्य भेटला, म्हणून इंटरव्हलरावांना त्या दिवशी बरं वाटलं.

असं चाललं असताना एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या मशीनमधून पाणी बाहेर जाईना. इंटरव्हलरावांनी पंप उघडला, आतून नातवाचा मोजा ओढून काढला, बाईंनी तो नापास झालेल्या मुलाकडे बघावं तसा बघितला, आणि राउंड सुरू झाला. इंटरव्हलराव शिरस्त्याप्रमाणे बाथरूमच्या दारात आले. हॉलमध्ये टीव्ही चालू होता. गोल जिना दिसत होता. आणि जिन्यावर...

हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला.

"बाई, ही शेळी!"

"शेळीच आहे," बाई म्हणाल्या. "मग?"

"मी हिला लहानपणापासून ओळखतो!"

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. शाळेत असताना त्यांनी पुष्कळ मुलं पाहिली होती. त्या शांतपणे म्हणाल्या, "या, बसा इथे. पाणी देऊ?"

इंटरव्हलराव सोफ्याच्या कडेवर नाही, चांगले मध्यावर बसले. बाईंनी सिनेमाचं नाव सांगितलं, पण ते ऐकून ओळखीचं काही वाटलं नाही. त्या काळात त्यांना वाचता कुठे येत होतं! तीच शेळी, तोच धापा टाकणारा माणूस. पडद्यावर मध्यंतराची पाटी आली आणि गेली. आता येणार. आता खांबाखाली ती बाई उभी राहणार. इंटरव्हलरावांनी श्वास रोखला.

तेवढ्यात फोन वाजला. बहिणीचा.

"दादा, घरात तळं झालंय! मशीनच्या मागून पाणी येतंय, बंद केलं तरी थांबत नाही!"

"नळ बंद कर!"

"नळ मशीनच्या मागे आहे, आणि मशीन मला हलत नाही!"

या धंद्याचा आणखी एक दंडक आहे. आपल्या आधी ज्याने मशीनला हात लावला असेल त्याला आधी शिव्या घालायच्या. इंटरव्हलराव सवयीने ओरडले, "कोणत्या गाढवाने हात लावला होता त्याला?"

"तूच, दादा. गेल्या रविवारी."

रविवारी बहिणीकडे टीव्हीवर मोटारींची फार सुरेख पळापळ चालली होती, आणि मागच्या पाइपची क्लिप आवळायची राहिली असावी, असं अंधूक आठवायला लागलं.

ते उठले. टीव्हीकडे बघितलं. पुन्हा बसले. पुन्हा उठले. "बाई, काय सांगू तुम्हाला! तोच सिनेमा, तीच जागा आणि तीच बहीण!"

"शेवट सांगू का?" बाईंनी विचारलं. "सोपा आहे."

"नको, नको!" इंटरव्हलरावांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. पिशवी कोपरावर अडकवली. बाईंनी तेवढ्यात टीव्हीला मागून लावलेला पेन ड्राइव्ह काढला आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात टाकला. "भाच्याने भरून दिलाय. घेऊन जा. पण गृहपाठ पूर्ण करूनच परत आणायचा, कळलं?" कानांवर हात असल्यामुळे त्यांना ते कळलं नव्हतं, पण मान मात्र त्यांनी जोरात हलवली, आणि तसेच कान झाकून ते जिना उतरले.

बहिणीकडे घोटाभर पाणी होतं. इंटरव्हलराव मशीनमागे आडवे झाले, क्लिप आवळली आणि मग दोघं भावंडं फडकी पिळत बसली.

"सिनेमा बुडाला का रे?" बहिणीने विचारलं.

"हो. आणि तुझं घर. झाली फिट्टंफाट."

रविवारी घरात मोठी जमवाजमव झाली. बहीण आली. बायकोने सगळी सूत्रं हातात घेतली होती. नवऱ्याला ती पुरती ओळखून होती. या माणसाला नुसतं सिनेमासमोर बसवून भागणार नाही, त्याच्या कानावर मशीनचा आवाज हवा, हे तिला माहीत होतं. तिने बाथरूममध्ये जाऊन रिकामं मशीन लावलं. "राउंड संपत आला की मी हळूच पुन्हा लावीन," तिने नणंदेच्या कानात सांगितलं. "शिट्टी वाजू द्यायची नाही. वाजली की हे उठून सही मागतील." आणि सासूबाईंना तिने बजावलं, "आई, आज यंत्र काढायचं नाही हं. आज ते सांगणार नाहीत, आज खरा सिनेमा आहे."

"खरा आहे ना? मग ठेवते," आई म्हणाली.

सिनेमा सुरू झाला. सुरुवात बघून इंटरव्हलराव चकितच झाले. म्हणजे लोक आधी असं ओळख करून देतात, गाव दाखवतात, हा याचा काका आणि ती त्याची मावशी, असं सांगतात! किती सोयीचं! शेळी जिना चढली तेव्हा ते इतके हसले, की बायकोला त्यांच्या पाठीवर थापटावं लागलं. मध्यंतर झालं. ते उठले नाहीत. बाथरूमातून मशीन घुर्रघुर्र करत होतं. बायको दोनदा जाऊन आली. इंटरव्हलराव पुढे सरकून गुडघ्यांवर कोपरं टेकून बसले होते आणि त्यांचा रुमाल त्यांनी चुरगळून गोळा केला होता.

दिव्यावरच्या माणसाला बढती मिळाली. त्याच्या काकांचा गैरसमज दूर झाला. शेळी दीपगृहाच्या माथ्यावर उभी राहिली, मागे सूर्य मावळला आणि पडद्यावर 'समाप्त' आलं.

बायकोने टाळ्या वाजवल्या. "अहो, अख्खा पाहिलात! जन्मात पहिल्यांदा!"

इंटरव्हलराव टीव्हीकडे बघत राहिले होते. "कापलाय," ते म्हणाले.

"काय कापलंय?"

"मुख्य सीनच कापलाय. ती बाई कुठाय? सगळा सिनेमा झाला आणि ती आलीच नाही!" हसण्यासारखी गोष्ट होती, पण त्यांचं तोंड असं उतरलं होतं की बहिणीलासुद्धा हसवेना. "दिव्याच्या खांबाखाली उभी होती. मी डोळ्यांनी पाहिलंय. खांद्याला पिशवी, दातांत रुमाल, खांदे गदगदा हलत होते आणि रस्त्याकडे बघत होती. इतकी वर्षं मी..."

"परत सांग," आई म्हणाली.

सगळ्यांनी वळून बघितलं. आईने यंत्राची चकती बोटाने वाढवली होती.

इंटरव्हलरावांनी परत सांगितलं. फिके कपडे, पिशवी, रुमाल, खांब.

"कसली पिशवी? निळ्या पट्ट्यांची?"

"हो! म्हणजे तू पण पाहिलास तो सीन?"

"अरे गाढवा," आई म्हणाली, "ती मी!"

बाथरूममध्ये मशीन पाणी सोडत होतं, त्याचा तेवढा आवाज.

"थिएटरासमोर टायरवाल्याचं दुकान होतं, त्याच्या दारातल्या खांबाखाली उभी होते मी. पिशवीत तुझा स्वेटर आणि पाण्याची बाटली. दोन आठवडे अवकाश आहे म्हणून आम्ही निवांत सिनेमाला आलो होतो, तर ही बया निघाली घाईने." आईने लेकीकडे हनुवटीने दाखवलं. "भर रस्त्यात ओरडायला नको म्हणून रुमाल धरला दातांत."

"मग खांदे का हलत होते?"

"तुझ्यामुळे! दरवानाचा शर्ट धरून बसला होतास, सोडशील तर शपथ. 'काका, आम्ही परत येईपर्यंत सिनेमा थांबवा.' तो बिचारा म्हणाला, 'बरं, थांबवतो हो बाळ.' तर त्याला विचारतोस, 'शेळी दमणार नाही ना?' कळ आली की मला रडू यायचं आणि तुझ्याकडे बघितलं की हसू. माझं काय होत होतं ते माझं मला माहीत!"

बायको पदराने डोळे पुसत हसत होती. बहीण म्हणाली, "म्हणजे माझी एंट्री मध्यंतरानंतरची! आणि हा मला आयुष्यभर म्हणतोय, सिनेमा बुडवला. अरे दादा, सिनेमा पुढे चालूच होता, तूच त्याच्यातून कधी उठला नाहीस."

इंटरव्हलराव हसले नाहीत. रडलेही नाहीत. त्यांनी किती घरांत, किती सोफ्यांच्या कडेवर बसून हे लोकांना विचारलं होतं! एका आजोबांकडून तर आपल्या सख्ख्या आईला सावकाराची मुलगी ठरवून घेतलं होतं. जगात त्यांनी सगळ्यांना विचारलं, फक्त जी रोज समोर बसून मान डोलवत होती तिला सोडून. तिला सांगितलं नव्हतं असंही नाही, दर महिन्या-दोन महिन्यांनी सांगितलं होतं. त्यांची नजर टेबलावरच्या चष्म्याच्या घराकडे गेली. मग आईकडे. आईने घाईघाईने खिडकीबाहेर बघितलं.

"असू दे," इंटरव्हलराव म्हणाले. "मीही माझं ऐकलं नसतं." मग खुर्ची आईजवळ ओढून घेत त्यांनी हळू आवाजात विचारलं, "तू रस्त्याकडे बघत होतीस ना? कोणाची वाट?"

"तुझ्या बाबांची. गाडी बघायला गेले होते."

बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. आजवर परक्यांना विचारलेला प्रश्नच इंटरव्हलरावांनी आता तिला विचारला.

"मग? आले?"

"आले की! गाडी कुठे मिळायला त्या वेळी? फर्निचरवाल्याचा टेम्पो थांबवला होता. पुढे जागा माझ्यासाठी ठेवायला सांगितली आणि स्वतः मागे उभे, एका कपाटाला मिठी मारून. आरशाचं कपाट. टेम्पो वळला तशी आरशात मला आधी मीच दिसले, तोंडात रुमाल धरलेली. म्हटलं, ही कोण बया! आणि मग आरशाच्या मागून तुझ्या बाबांचं डोकं वर आलं."

गोष्टीच्या नादात बायको मशीनकडे जायचं विसरली होती. राउंड संपला आणि बाथरूमातून शिट्टी वाजली, चांगली लांबलचक. बायकोने जीभ चावली. बहिणीने दादाकडे बघितलं.

इंटरव्हलराव खुर्चीत आणखी रेलून बसले.

"वाजू दे तिला," ते म्हणाले. "हं, आई, बाबांचं डोकं वर आलं. मग?"